मृत जनावराच्या शरीरातील औषध कसे ओळखतात?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीच्या शेतीबरोबर गाई, बैल व म्हशी यांचे पालन अनेक घरी होते. बैल लंगडला किंवा गाईची कास सुजली, की तिला वेदनाशामक सुई टोचतात. उपचारास यश न येता जनावर दगावले, तर ते पुष्कळदा गावाबाहेर टाकले जाते. सुईतील औषधाचा अंश मात्र त्याच्या मांसात राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हा अंश गिधाडांना घातक ठरला. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारी एकावर आली. डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे पाकिस्तानातील संशोधनातून २००४ साली सिद्ध झाले. त्यानंतर २००४-०५ मध्ये भारतातील अनेक राज्यांतून मृत जनावरांच्या यकृताचे १,८०० हून अधिक नमुने तपासण्यात आले. सुमारे दहा नमुन्यांमागे एकात हे औषध आढळले.

अशी तपासणी पुढीलप्रमाणे होते. यकृताचा लहानसा तुकडा कुटून त्यातील औषध द्रावणात उतरवितात. ते द्रावण बारीक भुकटी भरलेल्या नळीतून सोडले असता त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग त्यांच्या रेणूंवर विद्युत्‌भार चढवून वस्तुमान-वर्णपटमापक या यंत्रात प्रत्येकाचे वजन करतात. डायक्लोफेनॅकचे वजन सुमारे २९६ भरते, तर मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाचे ३५१. त्यामुळे ही दोन औषधे सहज निराळी ओळखता येतात.

परंतु केवळ वजनावर नेहमीच भागत नाही. मेक्लोफेनॅमिक आम्ल नावाचे औषध डायक्लोफेनॅकइतक्याच व त्याच जातीच्या अणूंचे बनलेले आहे; फक्त अणूंची मांडणी भिन्न आहे. दोहोंचे वजन अगदी एक. अशा वेळी रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचे वजन करतात. अलीकडे यास आयन-गतिशीलता या पद्धतीची जोड मिळाली आहे. कडब्याची पेंढी आणि तितक्याच वजनाची धान्याची थैली घेऊन दोन माणसे बाजाराच्या गर्दीतून निघाली, तर पसरट पेंढी जागोजागी अडते व थैलीवाला आधी पोहोचतो. त्याचप्रमाणे विद्युत्‌भारित रेणू वायूने भरलेल्या नळीतून विजेच्या ओढीने पुढे सरकतात. आटोपशीर आकाराचे रेणू लवकर पोहोचतात, पसरट रेणू वायूच्या कणांवर आदळत मागाहून येतात. पोहोचण्याचा वेळ आणि वजन ही दोन्ही जुळली, म्हणजे औषधाची ओळख अधिक पक्की होते.

या परीक्षेतून आणखी एक गोष्ट उघड झाली. ॲसेक्लोफेनॅक हे औषध गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅक बनते. म्हणजे बाटलीवर नाव एक आणि मांसात विष दुसरेच! जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यास २००६ साली बंदी झाली होती. जुलै २०२३ मध्ये ॲसेक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन यांच्या पशुवापरासही बंदी आली, आणि पुढे नायमेसुलाइडवरही.

गिधाडे नाहीशी झाली म्हणजे कलेवरे कुजत पडतात व त्यांवर मोकाट कुत्री पोसली जातात. ही हानी अखेर गावाचीच होय. म्हणून शेतकरी बंधूंनी व ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) माणसांसाठी विकली जाणारी वेदनाशामक सुई जनावरास कदापि देऊ नये.

(२) उपचारापूर्वी औषधाचे मूळ नाव वाचावे किंवा वाचून घ्यावे. केवळ कंपनीने दिलेल्या नावावर विसंबू नये. मेलॉक्सिकॅम व टोल्फेनॅमिक आम्ल ही गिधाडांना निर्धोक ठरलेली औषधे आहेत. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत.

(३) औषधाचे नाव व दिनांक वहीत टिपून ठेवावा.

(४) उपचार चालू असता किंवा त्यानंतर थोड्या दिवसांत जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

प्रयोगशाळेतील यंत्र औषध ओळखते ते जनावर मेल्यानंतर. सुई टोचण्यापूर्वी ते ओळखणे हे पशुपालकाच्या व ग्रामसेवकाच्या हाती आहे.