विकर : डोळ्यांना न दिसणारे कामकरी



कचरा कुजतो म्हणजे नक्की काय होते, ते मी या लेखात सांगणार आहे. हे काम विकर करतात. इंग्रजीत त्यांना एन्झाइम म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी दिले.

विकर जिवंत नसतात. ते जिवंत पेशींत तयार होतात. पुष्कळ विकर मोठ्या पदार्थाचे बारीक तुकडे करतात. पण प्रत्येकाचे काम ठरलेले असते. कुलपाला त्याचीच किल्ली लागते ना, तसेच हे.

आपल्या तोंडातही विकर आहेत. भाकरीचा घास खूप वेळ चावून बघा, गोड लागायला लागतो. लाळेतला विकर पिठातल्या पिष्टाची साखर करतो. यकृतातले विकर औषधांचे आणि काही विषारी पदार्थांचे रूप बदलतात. मग ते लघवीवाटे बाहेर पडतात. पण ट्यूबलाइटमधला पारा आणि गाडीच्या बॅटरीतले शिसे ही मूलद्रव्ये आहेत. त्यांचे तुकडे कोणताच विकर करू शकत नाही. म्हणून या वस्तू कचऱ्यात टाकू नयेत.

मातीतले जंतू आपले विकर बाहेर सोडतात आणि पालापाचोळा विरघळवून खातात. खाडीतल्या तिवरांची पाने अशीच कुजतात. त्यावर कोळंबी, चिंबोऱ्या पोसतात. पण विकरांना ओल हवी. म्हणून तर उत्तनचे बोंबील कडक उन्हात सुकवले की खूप दिवस टिकतात आणि भिजले की वास मारतात!

बाईंनी आमच्याकडून एक प्रयोग करून घेतला. एका कुंडीत केळ्याच्या साली पुरल्या, दुसरीत दुधाची रिकामी पिशवी. रोज थोडं पाणी घातलं. दोन महिन्यांनी उकरलं तर साली ओळखूसुद्धा येईनात. पिशवीवरची अक्षरं मात्र अजून वाचता येत होती! पिशवीच्या कुलपाची किल्ली मातीतल्या जंतूंजवळ नव्हती.

जपानमधील साकाई शहरात बाटलीचे प्लास्टिक खाणारा जंतू सापडल्याचे २०१६ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पण त्याला प्लास्टिकचा पातळ तुकडा संपवायला सहा आठवडे लागले. दुधाची पिशवी तर वेगळ्याच प्लास्टिकची असते. म्हणजे त्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराच्या कचऱ्याचा ढीग आहे. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकला की आत हवा जात नाही. तिथे दुसरेच जंतू वाढतात आणि मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. मग प्लास्टिकही जळते आणि विषारी धूर होतो. आमच्या आळीत कोणी कचरा पेटवला तरी आजीला रात्रभर खोकला येतो. तो धूर सगळ्यांच्याच छातीत जातो.

म्हणून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. साली, देठ, उष्टे, माशांचे खवले मातीत पुरा. वर थोडी माती आणि वाळका पाला टाका. खत झाडांना घाला. प्लास्टिक धुऊन वेगळे द्या, जाळू मात्र नका.

विकर फुकट काम करायला तयार आहेत. त्यांना जमेल तोच कचरा त्यांच्याकडे सोपवणे हे आपले काम आहे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी