कुणबिणींची मुक्तता

पेशवाई मुलखात बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या, अथवा दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या स्त्रिया ‘कुणबीण’ म्हणून दप्तरी दाखल होत. कोठीत दळणकांडण, पागेत झाडलोट आणि प्रसंगी मालकाच्या लेकीबरोबर आंदण म्हणून रवानगी, हेच त्यांचे प्राक्तन. मनुष्याची नोंद जिन्नसाप्रमाणे व्हावी, हे वाचताना आजही मन विदीर्ण होते. १८१८ साली पेशवाई जाऊन इंग्रजांचे राज्य आले, तरी या कुणबिणी लगोलग सुटल्या नाहीत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्क न्यायकचेरीत अग्राह्य ठरविला, परंतु गुलाम बाळगणाऱ्यास शिक्षा मात्र सांगितली नाही, हे त्याचे मोठेच वैगुण्य. ती तजवीज १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने केली. पुढे १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला.