भूल समजून घेताना (भाग ६) : हाड मोडलं पायाचं, मग तपासणी हृदयाची का?

भूल देण्याआधी डॉक्टर काय विचारतात, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. त्यातली एक सूचना घरच्यांना कोड्यात टाकते : ‘आधी टूडी इको करून आणा’, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणारी तपासणी. आजरा, चंदगडकडून खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना गडहिंग्लजला आणलं, की ‘पायासाठी हृदयाची तपासणी का?’ हा प्रश्न हमखास निघतो. खर्च आणि धावपळ वाढते, म्हणून कारण नीट समजायला हवं.

अशा शस्त्रक्रियेत अनेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय ते सावरून घेतं. पण महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप वयोमानाने कडक आणि अरुंद झाली असेल, तर हृदयाने कितीही जोर लावला तरी पुढे जाणारं रक्त फारसं वाढत नाही. रक्तदाब कोसळतो आणि खुद्द हृदयालाच रक्त कमी पडतं. हा दोष इकोमुळे आधी कळला, तर भूलतज्ज्ञ भुलेची पद्धत बदलतात, औषध थोडं थोडं देतात आणि मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवतात.

इकोत छातीवर जेल लावतात, कारण मधली हवा ध्वनिलहरींना अडवते. मग बरगड्यांच्या फटीतून हृदय दिसतं. जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतले दोष शोधणारं यंत्र वापरून स्वीडनमधल्या एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 मध्ये याची सुरुवात केली. आज इकोतल्याच डॉप्लर तंत्राने रक्ताचा वेगही मोजता येतो. महाधमनीच्या झडपेतून तो सेकंदाला 4 मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर झडप बरीच अरुंद झाली आहे असं समजतात.

रिपोर्ट हातात आला, की सगळे ‘पंपिंग किती?’ एवढंच विचारतात. दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, तो हा आकडा. साधारण 55 ते 70 टक्के चांगला. पण पंपिंग 60 असतानाही झडप धोकादायकरीत्या अरुंद असू शकते. म्हणून एका आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

शस्त्रक्रिया चालू असतानाही इको उपयोगी पडतो. रक्तदाब अचानक घसरला आणि हृदयाचे कप्पे रिकामे दिसले, तर सलाईन किंवा रक्त द्यावं लागतं. हृदय क्षीणपणे आकुंचन पावत असेल, तर तेच सलाईन जास्त झाल्यास फुप्फुसात पाणी साचतं. तिथे हृदयाचा जोर वाढवणारं औषध लागतं. उजवा कप्पा फुगलेला दिसला, तर फुप्फुसात गुठळी अडकल्याची शंका घेतात. रक्तदाबाचा आकडा तिन्ही वेळा सारखाच असेल, उपचार मात्र वेगळे.

तरीही प्रत्येकाला इको लागत नाही. धडधाकट माणसाच्या छोट्या शस्त्रक्रियेआधी त्याची गरज नसते. खुब्याची शस्त्रक्रिया तर शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, इकोसाठी ती रखडू नये. चालताना दम लागणं, चक्कर येऊन पडणं, पायांवर सूज, छातीत ऐकू येणारा जादा आवाज किंवा जुना हृदयविकार असेल, तर मात्र टाळाटाळ नको. यातलं काहीही ‘ऑपरेशन पुढे ढकलतील’ या भीतीने लपवू नका, आणि जुना इकोचा रिपोर्ट घरात असेल तर तो सोबत घेऊनच दवाखान्यात या.