आधी यादी, मग पोस्ट

गावचं ग्रंथालय, नवा काळ : लेखांक ६

मागच्या लेखात अनुदान, वर्गणी आणि खर्च यांचा मेळ कसा घातला जातो ते पाहिलं. २०२२ साली राज्य सरकारने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली, तरी पगार, वीज, पुस्तकं आणि मासिकं भागवताना कार्यवाहांची ओढाताण थांबलेली नाही. म्हणून आज फुकट मिळणाऱ्या साधनांकडे वळू. मोबाइल, इंटरनेट आणि समाजमाध्यमं यांचा ग्रंथपालाला नेमका काय उपयोग, आणि सुरुवात कुठून करायची?

उदाहरणाला मुळशी तालुका घेऊ, कारण इतका दुभंगलेला तालुका शोधून सापडायचा नाही. हिंजवडी आणि माण याच तालुक्यात. तिथे जगभरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर तयार होतं. लवळ्याला दोन विद्यापीठं आहेत. आणि पौडच्या पुढे, धरणाच्या काठाने माले, ताम्हिणीकडे निघालं की पावसाळ्यात दिवे जातात, मोबाइलची रेंज जाते आणि एसटी चुकली तर दिवस गेला. अशा भागातल्या वाचकाचा ग्रंथालयाला येणारा फोन साधारण असा असतो :

“ताई, ‘झाडाझडती’ आहे का आपल्याकडे?”

“असेल बघा. या की, शोधू.”

या “असेल बघा”वर भरवसा ठेवून माणूस भर पावसात तालुक्याच्या गावी येतो आणि पुस्तक बाहेर गेलेलं असतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा अगदी साधा आहे : वाचकाचा वेळ वाचवा. नवं कुठलंही साधन हाती घेताना ग्रंथपालाने एवढंच विचारावं. याने माझ्या वाचकाची एखादी तरी फुकटची खेप वाचेल का?

तेवीस गोष्टींचा धडा

साधनं शिकण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी २००६ साली कर्मचाऱ्यांसाठी तेवीस गोष्टींची यादी केली. ब्लॉग उघडा, फोटो चढवा, बातम्यांचे स्रोत एका जागी जमवा, आपल्या पुस्तकांची ऑनलाइन यादी करा, अशा छोट्या छोट्या गोष्टी. वर्ग नाही, परीक्षा नाही. आपापल्या गतीने, खेळत खेळत शिकायचं. सगळ्या गोष्टी वेळेत पुऱ्या करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस. जगभरच्या ग्रंथालयांनी हा अभ्यासक्रम उचलला.

आज ती यादी काढून पाहिली तर गंमत वाटते. त्यातल्या कितीतरी सेवा आता नाहीत. बातम्या जमवणारं ब्लॉगलाइन्स गेलं, खुणा जपणारं डेलिशिअस गेलं. पुढे गूगल रीडर २०१३ साली बंद झालं, तर गूगल प्लस २०१९ साली. आपल्याकडे टिकटॉकवर २०२० साली बंदी आली आणि लाखोंनी केलेली मेहनत एका रात्रीत गेली. त्या तेवीस गोष्टींपैकी लायब्ररीथिंग मात्र अजून चालू आहे, आणि ते मुळात पुस्तकांच्या यादीचं साधन आहे.

माध्यमं येतात, चार वर्षं मिरवतात आणि जातात. यादी आपल्या हातात असेल तर ती उद्याच्या माध्यमावरही चढवता येते. नसेल, तर पानावर टाकायला हार घातलेल्या तसबिरीशिवाय काही उरत नाही. गावोगावच्या ग्रंथालयांची फेसबुक पानं पाहा : जयंती, प्रतिमापूजन, पाहुण्यांचा सत्कार, पुन्हा जयंती. हे सगळं असावं, त्याला हरकत नाही. पण आत कुठली पुस्तकं आहेत याचा मागमूस त्या पानावर लागत नाही.

दाखल नोंदवही मोबाइलमध्ये

यादी करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीटसारखा तक्ता पुरतो. रकाने आठ : दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, कपाट, आणि पुस्तक आत आहे की बाहेर. पाच हजार पुस्तकं असतील आणि रोज चाळीस नोंदी झाल्या, तर सव्वाशे कामाच्या दिवसांत यादी पुरी होते. मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करता येतं. एकाने कपाटापाशी उभं राहून नावं वाचायची आणि दुसऱ्याने तपासत जायचं. विशेषनामं यंत्र हमखास चुकवतं, म्हणून तपासणारा हवाच. छापील जुनी सूची असेल तर तिचे फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडावेत, देवनागरी मजकूर बऱ्यापैकी सुटा होऊन येतो. हाताने लिहिलेल्या वहीवर मात्र ही मात्रा चालत नाही.

नव्या पुस्तकांच्या मागे बारकोड असतो. तो आयएसबीएन क्रमांक मोबाइलने वाचला की पुस्तकाची माहिती आपोआप येऊ शकते. पण आपल्या कपाटांतला मोठा ऐवज जुना आहे, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच. तिथे हाताला पर्याय नाही.

आता खरी मेख. मराठी यादी शोधण्याजोगी व्हायची तर तीन पथ्यं पाळावी लागतात.

पहिलं, फॉन्ट युनिकोडच हवा. अनेक ठिकाणी वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने यादी टंकून ठेवलेली असते, पण ती डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. अशी फाइल टाकून देऊ नका. फॉन्ट परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येते.

दुसरं, लेखकाचं नाव एकाच रीतीने लिहा. ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु.ल.’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गृहस्थ आहेत. टिंबानंतर जागा सोडली की नाही, यावरही शोध अडतो. ‘आडनाव, आद्याक्षरं’ अशी एक पद्धत ठरवा, कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, आणि नवीन माणूस आला तरी तीच चालवा.

तिसरं पथ्य फार जणांच्या लक्षात येत नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव टंकून पाहा. यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा ‘र’, त्याचा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. यादी एका कळफलकावर केली आणि शोध दुसऱ्यावरून घेतला, तर पुस्तक समोरच्या कपाटात असून ‘नाही’ असं उत्तर येतं. उपाय सोपा : नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, आणि शोधताना ‘ऱ्य’ टाळून ‘वरात’ एवढंच टाकावं.

यादी झाली की ‘फक्त पाहता येईल’ अशी परवानगी देऊन तिचा दुवा वाचकांना द्या. एक खबरदारी मात्र घ्या. सभासदांची नावं, फोन आणि कुणी काय नेलं याची नोंद त्याच फाइलमध्ये दुसऱ्या पानावर ठेवू नका. दुवा मिळालेल्याला सगळी पानं दिसतात. देवघेवीची फाइल वेगळी आणि कुलूपबंद हवी. माणूस काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात कायदाही झाला आहे. यादीची एक प्रत दर महिन्याला सीएसव्ही फाइल म्हणून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. सेवा बंद पडो, पासवर्ड विसरो, यादी आपल्याकडे राहते.

व्हॉट्सअ‍ॅप : गट, यादी की चॅनेल?

समाजमाध्यमांत गावाकडे पहिला मान व्हॉट्सअ‍ॅपचा. ग्रंथालयाचा गट काढला की दोन गोष्टी होतात. सकाळी फुलांच्या चित्रांची रांग लागते, आणि प्रत्येक सभासदाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. महिला आणि बाल विभागाच्या सभासदांच्या बाबतीत हे मुळीच बरं नाही. गट ठेवायचाच तर ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ ही सोय चालू करा, तरी नंबर दिसण्याचा प्रश्न उरतो.

ब्रॉडकास्ट यादीत तो प्रश्न येत नाही. संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तरही फक्त ग्रंथालयाला येतं. अट एकच, ग्रंथालयाचा नंबर वाचकाने आपल्या फोनमध्ये जतन केलेला असला पाहिजे, नाहीतर संदेश पोचत नाही. म्हणून वर्गणीची पावती फाडतानाच समोर नंबर जतन करून घ्यावा. एका यादीत २५६ जण बसतात. त्याहून मोठा पसारा असेल तर चॅनेल काढावं, तिथे वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. हा नंबर ग्रंथालयाच्या नावाने घेतलेल्या सिमचा असू द्या. ग्रंथपाल बदलले की वाचकांशी असलेला धागा त्यांच्या खासगी फोनबरोबर निघून जाऊ नये.

संदेश कोणता पाठवायचा? नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दाखल क्रमांक. दिवाळी अंक योजना सुरू झाली की आलेल्या अंकांची यादी. वीज नाही, आज ग्रंथालय चारला उघडेल, असा निरोप. एवढं पुरे. थकलेल्या पुस्तकाची आठवण मात्र ज्याची त्याला स्वतंत्र द्यावी. चारचौघांत नाव घेतलेला सभासद पुस्तक परत करतो आणि पुन्हा फिरकत नाही.

नकाशावर दिसायला हवं

भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या गृहसंकुलांनी वस्ती वाढवली. तिथे राहायला आलेल्या कुटुंबाला जवळपास ग्रंथालय आहे का, हे कोण सांगणार? ते मोबाइलच्या नकाशावर शोधतात. गूगलच्या नकाशावर ग्रंथालयाची नोंद करणं फुकट आहे. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दाराचा फोटो, सकाळ-संध्याकाळची वेळ, साप्ताहिक सुट्टी, फोन. फेसबुकवरच्या पन्नास पोस्टपेक्षा ही एक नोंद जास्त माणसं दारात आणते.

पीडीएफचा मोह

समाजमाध्यमांवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ सुळसुळाट करत असतात. एखादा उत्साही वाचक म्हणतो, “ताई, टाका ना ग्रुपवर.” ग्रंथपालाने इथे ठाम राहायला हवं. भारतात लेखकाच्या निधनानंतर, त्या वर्षाअखेरपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मुक्त आहे. सेनापती बापट १९६७ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन मुक्त व्हायला १ जानेवारी २०२८ उजाडावं लागेल. मुक्त झालेली मराठी पुस्तकं विकिस्रोतावर कायदेशीर मिळतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं ऑनलाइन खुली केली आहेत. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेत हे तीन दुवे छापून लावले तरी पुष्कळ काम होतं.

सेनापती बापटांचं नाव मुळशीत उगाच येत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. बापट आणि वि. म. भुस्कुटे त्याचे पुढारी. राजेंद्र व्होरा यांनी २००९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. त्या काळातल्या नोटिसा, पत्रं, फोटो असा ऐवज धरणग्रस्तांच्या वंशजांच्या पेट्यांत असू शकतो. लवळ्याच्या विद्यापीठांकडे जगभरची नियतकालिकं असतील, पण या पेट्यांपर्यंत पोचायला गावातली ओळख लागते आणि ती गावच्या ग्रंथपालाकडेच असते. मालकाची लेखी परवानगी घ्यावी, मोबाइलने नीट उजेडात फोटो काढावा, कागद लगेच परत करावा. फोटोच्या नोंदीत गाव, अंदाजे साल, कुणाकडून मिळाला आणि त्यात कोण दिसतं, एवढं त्याच दिवशी लिहावं. नोंद नसलेला फोटो दहा वर्षांनी कुणाच्या कामाचा राहत नाही. ही यादीच पुढे अभ्यासकांना मुळशीच्या ग्रंथालयाकडे खेचून आणेल.

वेळ कुठून आणायचा?

हे सगळं ऐकल्यावर ग्रंथपाल विचारतात, देवघेव, वह्या, तपासणी, अहवाल, झाडलोटही आम्हीच करतो, मग शिकायचं कधी? प्रश्न रास्त आहे. शार्लटच्या प्रयोगातून कार्यकारी मंडळांनी घ्यायचा धडा इथेच आहे. तिथे शिकणं हे नोकरीचाच भाग धरलं गेलं आणि पुरं करणाऱ्याचं कौतुक झालं. आपल्याकडे मंडळाने ठराव करून रोज अर्धा तास यादीसाठी राखून द्यावा, त्या वेळेत दुसरं काम सांगू नये आणि नेट पॅकचा खर्च ग्रंथालयाने सोसावा. ग्रंथपालाच्या खिशातून आणि सुट्टीतून होणारं संगणकीकरण दोन महिन्यांपलीकडे जात नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : एकच कपाट निवडा, शक्यतो कादंबऱ्यांचं, कारण विचारणा त्यांचीच जास्त. त्याची आठ रकान्यांची यादी करा आणि दुवा ओळखीच्या पाच वाचकांना पाठवा. ते काय शोधतात आणि काय सापडत नाही, ते लिहून ठेवा. रकाने त्यानुसार बदला आणि मगच दुसऱ्या कपाटाला हात लावा.

पुढच्या लेखात : न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या लहानशा जिल्ह्यातल्या ग्रंथालयाने संगणकांतल्या तारखांचं सन २००० चं संकट टाळायला तयार करवून घेतलेलं ‘कोहा’ आणि आपल्या एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ ही ग्रंथालयांसाठीची दोन सॉफ्टवेअर. तक्त्यावरून सॉफ्टवेअरवर कधी जायचं, आणि कधी जायचं नाही.