पाण्यातल्या किड्यांना वास कसा येतो?



जून सरता सरता आपल्या मावळात भातखाचरं भरतात, ओढे वाहू लागतात आणि शाळेच्या वाटेवरच्या डबक्यांत काहीतरी वळवळायला लागतं. मुलं तिथं उकिडवी बसून बघत राहतात. मग परिसर अभ्यासाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो, “सर, पाण्यात वास घेतला तर किड्याच्या नाकात पाणी नाही का जाणार?”

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या उत्तरातून ज्ञानेंद्रिये, पाण्याचे गुणधर्म, डासांचा बंदोबस्त आणि नदीचं प्रदूषण असे चार पाठ एकदम शिकवता येतात.

नाक नाही, पण वास आहे

कीटकांना आपल्यासारखं नाक नसतं. त्यांचा वास घेण्याचा मुख्य अवयव म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा, म्हणजेच शृंगिका. त्यांच्यावर अतिशय बारीक केस असतात आणि त्या केसांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. वासाचे कण छिद्रातून आत गेले की आतली चेतापेशी मेंदूला निरोप देते. श्वासाचा मार्ग वेगळा आणि वासाचा वेगळा, त्यामुळे नाकात पाणी जाण्याचा प्रश्नच येत नाही.

हवेत वास पोहोचायचा तर पदार्थाचे कण हवेत उडावे लागतात. पाण्यात ते विरघळले तरी पुरतं. मीठ, साखर हवेत उडत नाहीत म्हणून आपल्याला त्यांचा वास येत नाही, पण पाण्यात ती सहज पसरतात. म्हणूनच पाण्यातल्या जिवांच्या बाबतीत ‘वास’ आणि ‘चव’ यांच्यात आपल्यासारखी ठळक रेघ मारता येत नाही. मोठे पाणभुंगेरे मेलेल्या माशाच्या रसाचा माग काढत बरोबर त्याच्यापाशी पोहोचतात.

चतुर आणि टाचणी यांच्या मिशा अगदी आखूड, डोळे मात्र मोठे. त्यामुळे त्यांना वास येत नाही असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. पुढे इटलीतल्या संशोधकांनी त्यांच्या मिशांवरही वास ओळखणारे अवयव दाखवून दिले.

वासाशिवाय आणखी काय?

पाण्यावर सरसर चालणारे लांब पायांचे किडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांना पायांनी ‘ऐकू’ येतं म्हटलं तरी चालेल. एखादी मुंगी पाण्यात पडून धडपडली की लहान लहान लाटा उठतात. त्या कोणत्या पायाला आधी लागल्या, यावरून किड्याला भक्ष्याची दिशा कळते. गोल गोल भोवऱ्यासारखे फिरणारे काळे चकचकीत भुंगेरे असतात, त्यांचे डोळे दोन भागांत विभागलेले असतात. वरचा भाग पाण्याबाहेर बघतो, खालचा पाण्यात.

डासाच्या अळ्यांवर हाताची सावली धरून बघा. क्षणात सगळ्या तळाकडे जातात. सावली म्हणजे शत्रू, हे त्यांना जन्मापासून ‘माहीत’ असतं. शिवाय पाण्यात शिकारी किड्याचा वास मिसळला असेल, तर काही जातींच्या अळ्या हालचालच कमी करतात.

डासाची मादीसुद्धा अंडी घालण्याची जागा बघून आणि हुंगून निवडते. पाला कुजलेल्या पाण्याचा वास अनेक जातींना ओढून आणतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या कपातही अंडी घालतो. शनिवार-रविवारी लोणावळ्यात किती कप रस्त्याकडेला पडतात ते आपण पाहतोच.

हे निरोप आपण कसे बिघडवतो?

चतुर पाणी ओळखतो ते त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकाशावरून. तसाच प्रकाश गडद रंगाच्या चकचकीत गाडीवरूनही येतो. म्हणून कधी कधी चतुराची मादी गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवून अंडी घालताना दिसते. ती अंडी वायाच जातात.

साबणाचं तर आणखी वेगळं. ताटलीत पाणी घ्या, वर काळी मिरीची पूड भुरभुरा आणि मधोमध साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. पूड झटकन कडेला पळते. पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की असं होतं. ज्या ताणाच्या आधारावर तो लांब पायांचा किडा उभा असतो, तोच कमी झाला तर तो बुडू लागतो. कीटकनाशकं आणि तांब्यासारखे धातू तर अगदी थोड्या प्रमाणातही, जीव न घेता, पाण्यातल्या जिवांची वास ओळखण्याची ताकद कमी करू शकतात. मग शत्रू जवळ आला तरी कळत नाही.

आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि कामशेत, देहू करत आळंदीला जाते. आळंदीच्या घाटावर पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाचे फोटो मुलांनीही पाहिलेले असतात. “या फेसात तो किडा उभा राहील का?” एवढंच विचारा, बाकी मुलं बोलतील.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

पालकांची एक तक्रार असते, “किडे आहेत म्हणजे पाणी घाण.” तसं नाही. चतुराच्या अळ्या आणि अनेक पाणकिडे डासाच्या अळ्या खातात. अशा डबक्यात रॉकेल किंवा औषध ओतलं तर डासांबरोबर त्यांचे शत्रूही मरतात. लक्ष द्यायचं ते घरातल्या पिंपांकडे आणि टाक्यांकडे. एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायची, आणि नुसती रिकामी नाही, तर आतून घासायची. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

निरीक्षणासाठी मुलांना ओढ्यावर किंवा धबधब्यावर अजिबात नेऊ नका. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, हे आपण विसरलेलो नाही. घोट्याएवढं पाणी असलेलं खाचर किंवा शाळेजवळचं डबकं पुरेसं आहे. पांढरी ताटली, भिंग आणि वही घ्या. किडा हाताने पकडू नका, काही पाणकिडे कडकडून चावतात. बघून झालं की पाणी किड्यांसकट जिथून घेतलं तिथंच सोडा.

तुमच्या वर्गाला काय काय दिसलं ते जरूर कळवा.