भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी : शत्रू की सोबती?

सकाळचे ऊन गोठ्याच्या भिंतीवर पडले की माश्या तेथे येऊन बसू लागतात. थोड्याच वेळात नखाएवढा एक करडा कोळी दबकत पुढे सरकतो, क्षणभर थांबतो आणि मांजराने उंदरावर घालावी तशी माशीवर झडप घालतो. हा कोळी अंगावर आल्यास विषबाधा होईल, कुत्र्यामांजरांनी तो खाल्ल्यास ती दगावतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. ही भीती कितपत खरी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण तिच्यापायी जे केले जाते, तेच कित्येकदा अधिक घातक ठरते.

ओळख

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या जगात ६,००० हून अधिक जाती आहेत. ठाणे परिसरात सापडलेल्या एका जातीस, २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हुतात्मा झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ, २०२१ साली त्यांचे नाव देण्यात आले. या कोळ्यास आठ डोळे असतात. त्यांपैकी समोरचे दोन मोठे असल्याने त्याची नजर तीक्ष्ण असते. भक्ष्य पकडण्यासाठी तो जाळे विणत नाही. पायांतील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून तो उडी घेतो व पडू नये म्हणून मागे रेशमी धागा सोडतो.

माणसांस व जनावरांस अपाय होतो काय?

बहुतेक सर्व कोळ्यांप्रमाणे यासही विष असते. परंतु ते माशीएवढ्या किड्यास निर्जीव करण्यापुरते. माणूस दिसताच हा कोळी पळ काढतो. कपड्यात अडकून चिरडला गेल्यास तो क्वचित चावतो. अशा वेळी थोडी आग, लाली व किंचित सूज येते आणि ती बहुधा लवकर ओसरते. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवणे पुरेसे होते. चेहऱ्यावर सूज आली किंवा श्वास लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याने वा मांजराने कोळी खाल्ला, तरी सहसा काहीही बिघडत नाही. गाईबैलांच्या जाड कातडीपुढे तर त्याचे काहीच चालत नाही.

कोळ्यावर येणारा खोटा आळ

पावसाळ्यात सकाळी अंगावर लालसर चट्टा व फोड दिसले की ‘कोळी चावला’ किंवा ‘कोळी मुतला’ असे म्हणतात. पुष्कळदा हे काम दिव्याकडे येणाऱ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या तांबूस-काळ्या भुंगेऱ्याचे असते. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. त्यास न चिरडता फुंकरीने उडवावे आणि चिरडला गेल्यास जागा लगेच साबणाने धुवावी. एकाच बाजूस पट्ट्याने उठणारे वेदनायुक्त फोड बहुधा नागीण या रोगाचे असतात. त्यावर डॉक्टरांचे उपचार घ्यावेत.

याहून गंभीर चूक मण्यारीच्या बाबतीत होते. मण्यार रात्री झोपेत चावते. तिचे दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असे नाही, आणि सूजही बहुधा येत नाही. ‘काहीतरी किडूक चावले असेल’ म्हणून घरची मंडळी स्वस्थ राहतात. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते व श्वास मंदावतो. अशी लक्षणे दिसताच मांत्रिकाकडे वेळ न दवडता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास दवाखान्यात न्यावे. चावलेली जागा कापू नये, आवळून बांधू नये. जमिनीवर न झोपता खाटेवर मच्छरदाणी लावून झोपणे हा उत्तम बचाव होय.

खरा धोका फवारणीचा

कोळी मारण्यासाठी शेतातील कीटकनाशक घरात वा गोठ्यात फवारणे ही मोठी चूक होय. ते औषध गव्हाणीत, पाण्याच्या हौदात व भांड्यांवर पडते. जनावरे ते चाटतात आणि रांगती मुले त्यास हात लावतात. ज्या कोळ्याने कोणाचे वाईट केले नाही, त्याच्या भीतीने घरात खरे विष येते. कोळी नकोच असेल, तर त्यावर पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्यास बाहेर सोडावे.

शेतातील उपयोग

घरात माश्या व डास खाणारे हे कोळी भात व कपाशीच्या पिकांत तुडतुड्यांसारख्या किडींवर जगतात. सर्वच किडी मारणाऱ्या औषधांची वारंवार फवारणी केल्यास हे रखवालदार मरतात व किडींना मोकळे रान मिळते. म्हणून किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्यावाचून फवारणी करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावाच्या बैठकीत ही माहिती सांगताना एक गोष्ट मनावर ठसवावी : भिंतीवरच्या कोळ्यास भिण्याचे कारण नाही, पण रात्री काय चावले हे ठाऊक नसताना ‘कोळीच असेल’ म्हणून निर्धास्त राहणे जिवावर बेतू शकते.