‘मले’ खोडणारी लाल शाई

२०१३ च्या आषाढीला भाची पुण्याहून दोन्ही पोरं घेऊन जळगावच्या पिंप्राळ्याला आली, तेव्हा मोठा सहा वर्षांचा होता आणि शाळेत घातलेला नव्हता. मला वाटलं, प्रवेश हुकला असेल. पुण्यात काय, लॉटरी, देणग्या, काहीही चालतं. मी म्हटलं, “अगं, वर्ष वाया जाईल त्याचं.” ती म्हणाली, “मावशी, घालायचाच नाहीये.” एकतीस वर्षं खडू झिजवून निवृत्त झालेल्या बाईला तिच्याच ओसरीवर बसून हे सांगायचं म्हणजे कमाल होती. मी दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. पंढरपूरला जाणं होत नाही त्यांचं पंढरपूर तेच. रथ ओढणारे खूप असतात, पण खरी कसरत मोगरी लावणाऱ्यांची. फिरत्या चाकाखाली लाकडी मोगरी नेमक्या क्षणी सरकवायची. रथ थांबवायचा तो तिनंच, वळवायचा तोही तिनंच. त्या दिवशी रथ जरा विसावला होता. एक मोगरीवाला घाम पुसत ओट्यावर टेकला, तर आमचं हे सहा वर्षांचं पात्र त्याच्याजवळ जाऊन उभं. “तुमचा हात कधी सापडलाय का चाकाखाली?”

माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं: काकांना त्रास देऊ नको. भाचीनं डोळ्यांनीच मला थोपवलं. मोगरीवाला हसला. हात नाही, पण अंगठा एकदा चेंगरला होता म्हणाला. पोरानं अंगठा पाहिला. मग विचारलं, की चाक येतंय ते बघायचं की मोगरी बघायची? तो माणूस क्षणभर थांबला. मला वाटतं हे त्याला आजवर कुणी विचारलंच नसावं. “दोन्ही नाही बघत. आवाज ऐकतो,” तो म्हणाला. तिथून गप्पा सुरू झाल्या त्या लाकूड कोणतं, ओल्या रस्त्यावर काय करता, तुम्हाला कुणी शिकवलं, इथवर गेल्या. रथ हलेपर्यंत दोघं बोलत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगा धीट होता म्हणून नव्हे. धीट पोरं मी वर्गात शेकड्यानं पाहिली. स्नेहसंमेलनात पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हणणारी, बक्षिसं आणणारी. मला टोचलं ते वेगळंच. त्याचा दुसरा प्रश्न मोगरीवाल्याच्या पहिल्या उत्तरातून निघाला होता. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात हा दुसरा प्रश्न किती वेळा आला? मुळात पहिला प्रश्नही माझाच असायचा. उत्तर मला आधीच ठाऊक असायचं, आणि मुलांना ठाऊक असायचं की बाईंना ठाऊक आहे. असल्या देवघेवीला संभाषण म्हणत नाहीत.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभर थांबतात. फार तर थोडं अधिक. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी बोलू लागतात, उलट प्रश्नही येतात. तीन सेकंद! पन्नास-साठ पोरांच्या वर्गात तीन सेकंद गप्प राहायचं म्हणजे काय, हे ज्यानं वर्ग सांभाळलाय त्यालाच कळेल. मी थांबत नसे. मागच्या बाकावरून कागदी विमान यायचं.

भाची जे करत होती त्याला मराठीत अजून घोटीव शब्द नाही. ती ‘शाळेविना’ म्हणते. इंग्रजीत ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रुळवला जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकानं. १९६४ मध्ये मुलं शाळेत का नापास होतात यावर त्यानं पुस्तक लिहिलं. शाळा आतून सुधारतील ही त्याची आशा पुढं मावळली, आणि १९७७ पासून तो शाळेविना मुलं वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढू लागला. मधल्या काळात, १९७१ मध्ये, इव्हान इलिच यांचं शाळामुक्त समाजाविषयीचं पुस्तकही आलं होतं. घरात शाळा थाटणं वेगळं. तिथं आई बाई होते, दहा वाजता गणित असतं. भाचीकडं वेळापत्रकच नव्हतं. पोरगा तीन महिने फक्त बेडकांच्या मागं होता. नंतर दीड वर्ष आगगाड्या. पिंप्राळ्याला आला की रेल्वे फाटकावर ठाण मांडून बसायचा. आमचा सगळ्यांचा जीव त्या फाटकानं खाल्ला होता. फाटक पडलं की लोक घड्याळ बघत चरफडायचे. हा मात्र फाटक पडायची वाट बघायचा, कारण अडकलेली माणसं बोलायला मोकळी असायची. आता उड्डाणपूल झाला.

कायद्याचं विचाराल तर मीच तिला धाक घातला होता. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वयाची मुलं शाळेत हवीत, पोलीस येतील दारात. पोलीस येत नाहीत हे मला नंतर कळलं. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं कायदा म्हणतो, पण न घालणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही; आणि घरी शिकणाऱ्यांबद्दल तो नीटसं काहीच बोलत नाही. त्या मोकळ्या जागेत पुण्या-मुंबईत बरीच कुटुंबं राहतात. २०१६ साली मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावी न करता संगणकाच्या ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या बळावर अमेरिकेत एमआयटीला गेली, तेव्हा अशा घरांकडं वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं. बातमी अर्थात एमआयटीची झाली. मूल घरी कसं वाढतं, कुणाशी काय बोलतं, याची बातमी होत नाही.

ते मात्र कुणीतरी बसून ऐकलंय. इंग्लंडमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या दोघांनी चारेक वर्षांच्या ३० मुलींचं बोलणं दोन ठिकाणी ध्वनिमुद्रित केलं, घरी आईबरोबर आणि बालवाडीत बाईंबरोबर. १९८४ साली त्याचं पुस्तक निघालं. घरी त्या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत बाईंना दोन. निम्म्या मुली कामगारांच्या घरच्या होत्या, आणि त्यांच्या आयांशी होणाऱ्या गप्पाही तितक्याच कसदार निघाल्या. भांडी घासताना, खिडकीतून दिसणाऱ्या माणसाबद्दल, पैसे कशाला द्यायचे याबद्दल. बालवाडीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त त्या मुलीचं घर, मामा, मांजर, कालचा दिवस काही ठाऊक नव्हतं, आणि शिवाय शिकवायचं होतं. पुढं अ‍ॅलन थॉमस यांनी घरी शिकणाऱ्या मुलांची शंभर कुटुंबं पाहिली. धडे घ्यायचे ठरवून बसलेले पालकही हळूहळू धडे सोडून येताजाता बोलण्यावर आले, असं त्यांनी १९९८ मध्ये लिहिलं.

हे वाचताना मला इंग्लंड नाही, असोदं आठवलं. जळगावातून बाहेर पडलं की आलंच ते. तिथं १८८० मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी जन्मल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या, तिशीत विधवा झाल्या. जात्यावर, शेतात गाणी रचत गेल्या. लिहिता येत नव्हतं म्हणून काही गाणी विरून गेली, काही मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकानं वहीत उतरवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, ती वही आचार्य अत्र्यांपुढं आली, १९५२ मध्ये पुस्तक निघालं. २०१८ पासून आमचं विद्यापीठ त्यांचं नाव लावतं. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव पदवीच्या कागदावर छापलं जातं, याची गंमत आमच्याकडं फारशी कुणाला वाटत नाही.

त्यांची गाणी काव्य म्हणून सगळे वाचतात. मी ती आता बोलणं म्हणून वाचते. कुणाला तरी हाक मारलेली असते, प्रश्न केलेला असतो, मग स्वतःच त्याला फाटा फुटतो. योगी आणि सासुरवाशीण यांचा तर सरळ संवादच आहे. योग्याला कोडं पडतं, की माहेराचं एवढं कौतुक, तर ही सासरी राहते कशाला? ती बिचकत नाही, चिडतही नाही. कारण सांगते, आणि शेवटचा शब्द तिचा असतो. हे वादपटुत्व नव्हे. समोरच्याचा प्रश्न खरा मानून दिलेलं उत्तर आहे ते.

भाची इथंच टाळी द्यायला हात पुढं करते. “बघ मावशी, शाळेविना!” मी तो हात घेत नाही. बहिणाबाईंनी शाळा सोडली नव्हती. त्यांना ती मिळाली नव्हती. त्या पिढीतल्या हजारो बायका शाळेविनाच वाढल्या आणि त्यांचं बोलणं चुलीपलीकडं कुणी ऐकलं नाही. सोपानदेव शाळेत गेले नसते तर वही नसती. अशी आठवण सांगतात, की लहानग्या सोपाननं शाळेतला सावित्री-सत्यवानाचा धडा आईला वाचून दाखवला आणि सकाळपर्यंत तिचं त्यावर गाणं तयार होतं. मला यातलं गाणं महत्त्वाचं वाटतंच, पण त्याहून ती संध्याकाळ. शाळेत काय झालं ते पोरगा आईला सांगतोय आणि आई ऐकतेय. शाळेत जाणारं मूल आणि न गेलेली बाई यांच्यामध्ये काहीतरी घडलं.

आणि ऐकणारा माणूस शाळेतही असू शकतो, हे आमच्या खान्देशला सांगायला नको. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, १९३० मध्ये सत्याग्रहासाठी बाहेर पडले. त्या सहा वर्षांतलं लोकांच्या लक्षात राहिलं ते वसतिगृह. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. ‘श्यामची आई’सुद्धा धड्यांमध्ये नाही, रात्रींमध्ये विभागलेली आहे, जेवणं आटोपल्यावर कुणीतरी सांगतोय आणि बाकीचे बसलेत. ‘तोत्तोचान’ या जपानी पोरीच्या गोष्टीतले मुख्याध्यापक पहिल्या दिवशी त्या पोरीचं चार तास ऐकून घेतात. मी ते पुस्तक किती जणांना वाचायला दिलं असेल! चार तास काही कुणाचं ऐकलं नाही.

बारा वर्षांचा हिशेब मांडायचा तर गोडच सगळं नाही. आमचा मोठा दहाव्या वर्षापर्यंत मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडायचा. एका लग्नात नवरदेवाच्या काकांना त्यानं भर पंगतीत विचारलं, हुंडा घेतला का? काका लाल झाले. भाची त्याच्या बाजूनं बोलली, मी नाही. आपल्या प्रश्नाचं समोरच्याच्या घरात काय होतं, हे शिकायला त्याला उशीर लागला. वर्गातल्या चाळीस पोरांनी ते त्याला लवकर शिकवलं असतं, कदाचित दोन रट्टे देऊन. धाकटी तर बोलायचीच नाही. तेच घर, तीच आई, तीच शाळेविना मोकळीक, आणि ही पोरगी पाहुणे आले की माळ्यावर. नातेवाईक म्हणाले, शाळेत नाही ना, म्हणून बुजरी. मोठा बडबडा होता तेव्हाही हेच कारण होतं, शाळेत नाही ना, म्हणून आगाऊ. भाचीनं तिला ‘बोल ना, बोल ना’ केलं नाही, एवढं मात्र मी पाहिलं. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होती. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजत होती, बाया कळण्याच्या भाकरी थापत होत्या. धाकटी पाऊण तास जाळाशी बसून राहिली आणि वांगी उलटवणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला एवढंच म्हणाली, “तुम्ही हात लावून नाही, वास घेऊन उलटवता.” म्हातारा मग दिवसभर तिच्याशीच बोलत होता.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. लोक म्हणाले, घ्या, आता सगळेच तुमच्या भाचीसारखे. छे. तेव्हा मुलं घरी होती, पण शाळा मोबाइलमधून घरात शिरली होती, माइक बंद ठेवून. गल्लीतली पोरं ‘येस मॅम’ टाइप करून पुन्हा पांघरुणात जायची. ज्यांच्याकडं मोबाइल नव्हता ती कापूस वेचायला गेली आणि त्यांतल्या काही मुली परत वर्गात आल्याच नाहीत. शाळा सुटलेली पोरगी आणि शाळा सोडलेली पोरगी यांना एका रांगेत बसवणाऱ्याशी मी भांडते. भाचीला आयटीतला नवरा आहे, पुस्तकांनी भरलेली भिंत आहे, दिवसभर उत्तरं द्यायला ती स्वतः घरी आहे. तिनं नोकरी सोडली, त्यानं नाही, हेही मी तिला ऐकवते.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलत राहिली, ती माझीच. आमच्याकडचं मूल घरी लेवा बोलीत वाढतं, अहिराणीत वाढतं. ‘मले पानी दे’ म्हणतं. शाळेत आलं की पहिल्या दिवशी त्याला कळतं की आपलं तोंडच चुकीचं आहे. मी ‘मले’ खोडून ‘मला’ लिहिलं, एकतीस वर्षं, लाल शाईनं. आणि वहीत नव्हे तेव्हा तोंडीसुद्धा. “नीट बोल.” पोरं नीट बोलायला लागली म्हणजे गप्प झाली. गोष्टीला रंगात आलेला पोरगा ‘मले’पाशी अडला, मी दुरुस्त केलं, त्यानं मान डोलावली, आणि गोष्ट तिथंच राहिली. त्याच शाळेत भिंतीवर बहिणाबाईंची तसबीर होती. त्यांच्या गाण्यातलं ‘मले’ आम्ही पाठ करून घ्यायचो.

मोठा यंदा अठराचा झाला. दहावीची मला काळजी होती, मला फक्त बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म ठाऊक. त्यानं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून स्वतःच दिली. आता सुतारकामाच्या एका कारखान्यात शिकतोय. आषाढीच्या आधी त्याचा फोन आला. पुण्यात वाढलेला पोरगा, घरात पुणेरी मराठी. पण दरवर्षी फाटकावर, शेतात, रथापाशी बसून आमच्या माणसांचं बोलणं त्याच्या जिभेवर चढलंय, माझ्याशी तो मुद्दाम तसंच बोलतो.

“मावशीआजी, यंदा मले नही जमनार यायले.”

माझी जीभ सवयीनं हलली. मग म्हटलं, “काबरं?”

त्यावर तो जे सांगायला लागला ते ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.